परत न मिळणारे खर्च

युरोपला जायचं म्हणजे शेंगेन व्हिसासाठी निदान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा काढावाच लागतो. त्यात आजारपण येतं, आणि वेळ आलीच तर माणसाला मायदेशी पोचवण्याचा खर्चही. तिथे आपली पसंती कुणी विचारत नाही. पंचाईत होते ती पुढे, सहलच रद्द झाली तर कुठले खर्च भरून हवेत, हे ठरवताना. आमचे हे नोकरीतून निवृत्त झाले असले तरी हिशेबातून झालेले नाहीत. त्यांनी कागदावर दोन रकाने आखले: ‘येतील’ आणि ‘बुडतील’. आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द करता येणारं हॉटेल पहिल्यात गेलं, कारण जे पैसे परत येणारच आहेत त्यांच्यासाठी हप्ता कशाला भरायचा? विमानाचं स्वस्तातलं, परतावा नसलेलं तिकीट दुसऱ्यात गेलं. व्हिसाचे 90 युरो तर व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत. ते धरायचे की नाहीत, याचा निकाल आमच्या घरी अजून लागलेला नाही.

पॉलिसीचा स्वभाव लग्नातल्या व्याह्यांसारखा. आधी सगळं हसून कबूल, मग बारीक अक्षरात एकेक अट. आजारी पडलात तर सहल रद्द करा, पण आजार जुना नको. घरात कुणी गेलं तर चालेल, नुसतं जावंसं वाटेना तर नाही. उपचारांच्या खर्चातले पहिले शंभर डॉलर आपले. ते वाचून हे म्हणाले, “म्हणजे थोडक्यात आजारी पडायचं नाही. पडायचं तर नीट पडायचं.”

मी माझे खर्च पुढे केले. गरम कपडे? ते घरातच राहतील, म्हणजे नुकसान नाही. मेतकूट, भडंग, लाडू? ते तर खाऊन संपतील. मग अख्ख्या सोसायटीला सांगून झालं आहे, त्याचं काय? यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पण मला खरी काळजी वेगळीच होती. गेले कित्येक दिवस हे रोज संध्याकाळी फोनवर ल्युसर्नजवळच्या पिलाटसवर चढतात. 1889 पासून तिथे दातेरी रुळांची गाडी आहे, चढ 48 टक्क्यांपर्यंत, दातेरी रुळांच्या रेल्वेचा इतका खडा चढ जगात दुसरीकडे नाही. गुडघे धरून जिना चढणारा हा माणूस चहा निवेपर्यंत 2,128 मीटरवर पोचलेला असतो, आणि हाक मारली की मुकाट्यानं खाली येऊन भाजी निवडायला बसतो. हा प्रवास कुठल्या रकान्यात घालावा? करून झालेला आहे, म्हणजे बुडणार नाही. आणि परत तर मुळीच देता येणार नाही.

अशा वेळी मला वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेनं 1857 साली ते उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले. मिळवलेलं लुटलं गेलं. आजच्या पॉलिसीपुढे त्यांचा दावा उभाच राहिला नसता, कारण युद्ध आणि बंडाळी वगळलेली असते. शिवाय दक्षिणेची पावती कुणाकडे मागणार? पण गंगेच्या पाण्याची कावड त्यांनी घरापर्यंत आणली आणि आईवडिलांना स्नान घातलं. त्या कावडीची विमारक्कम काय लिहावी, हे मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, “पाण्याला घसारा लावता येत नाही,” आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी तिकिटं आणि आगाऊ पैसे भरलेलं एक हॉटेल, एवढंच धरलं. पिलाटसचं तिकीट मात्र तिथे गेल्यावर, आकाश बघूनच काढायचं, कारण ढग आले म्हणून कुणी पैसे देत नाही. मग वारसाचं नाव आलं. मी ह्यांचं सांगितलं, ह्यांनी माझं लिहिलं, आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की विमान एकच आहे. ह्यांनी दोन्हीकडे मुलीचं नाव घातलं आणि स्पेलिंग विचारायला तिला फोन लावला. तिनं ते सांगितलं आणि विचारलं, “बाबा, वरती थंडी फार असते हो. आईची ती जुनी शाल घेतलीत ना?”

शाल यादीत नव्हती. ह्यांनी ती लिहिली, पण दोन्ही रकान्यांच्या बाहेर, समासात.