भिंतीपलीकडची कस्तुरी

“वहिनी, तुमच्याकडं बोकड आणला का हो कुणी?”

दिंडोलीतल्या आमच्या घरांमधली भिंत छातीएवढी. तिच्यावर कोपरं टेकून पलीकडच्या मावशी विचारत होत्या. मूळ नंदुरबारच्या, पण सुरतेतच केस पांढरे झाले. नाक असं तिखट की कुणाची फोडणी जळाली हे त्या घराआधी यांना कळतं.

“बोकड कुठला मावशी, सेंट आहे. दिरानं दुबईहून पाठवलाय. सर्ज लुटेन्सचा, ‘म्युस्क कुब्लाई खान’. पॅरिसचा माल, १९९८ सालचा.”

“खानाचं नाव दिलंय म्हणजे त्याचा घोडापण बाटलीत आला असेल!”

अगदीच चूक नव्हतं त्यांचं. पहिली दहा मिनिटं या कस्तुरीला घामाचा, ओल्या लोकरीचा, गोठ्याचा असा दणदणीत वास येतो. लिंबू-मोसंबीची गोड सुरुवात नाहीच, थेट अंगावर येतो. मी मावशींच्या मनगटाला थेंबभर लावला आणि म्हटलं, आता चोळू नका, अर्धा तास थांबा.

तोवर विषय निघाला. “म्हणजे हरीण मारलं का गं यासाठी?”

“नाही हो. खरी कस्तुरी नर हरणाच्या बेंबीखालच्या गाठीत असते, हिमालयाकडं. आपल्याकडं ते हरीण मारणं मोठा गुन्हा. हल्लीची कस्तुरी कारखान्यातली. १८८८ मध्ये बाऊर नावाचा जर्मन स्फोटकांच्या नादात होता, हाताला लागला कस्तुरीचा वास.”

“बाँब करायला बसला नि अत्तर झालं? बरंच झालं की.”

“पुढं १९०६ मध्ये वालबाऊमनं कस्तुरीतलं खरं वासाचं द्रव्य वेगळं काढलं, मस्कोन. त्याची घडण रुझिकानं १९२६ मध्ये उलगडली, पंधरा कार्बनांचं कडं. १९३९ चं रसायनाचं नोबेल मिळालं त्याला. आणि झाडातली कस्तुरी पाहिजे तर कस्तुरी भेंडीचं बी आहेच.”

“ती आमच्या मामाच्या बांधावर होती की! कुणी विचारत नव्हतं.”

इतक्यात समोरच्या काकू आल्या. मनगट हुंगलं, पुन्हा हुंगलं. “पाणी लावलंय का गं?”

मावशींचा चेहरा फुलला. काकूंचं नाक कामाचं नाही, हे त्या कधीपासून सांगतच होत्या. पण काकूंचीच बाजू खरी. कस्तुरीचे रेणू अवजड असतात आणि चांगल्या धडधाकट नाकालाही त्यातला एखादा मुळीच जाणवत नाही. दुसरा मात्र ठणठणीत जाणवतो. म्हणून अत्तरवाले एकाच सेंटात तीन-चार तऱ्हेच्या कस्तुरी घालतात. मावशींना हे काही पटलं नाही.

अर्ध्या तासानं मावशींनी मनगट पुन्हा नाकाशी नेलं, आणि गप्प. मावशी गप्प, हे सुरतेत क्वचितच घडतं. गोठा गेला होता. गुलाब वर आला होता, मागून शहाजिऱ्याची झाक, थोडा मध. आणि संध्याकाळी, दिवे लागताना, हाक आलीच: “वहिनी, आता न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूसारखं येतंय हो!”

माझं मत विचाराल तर हा सेंट त्या शेवटच्या टप्प्यासाठीच घ्यावा. सुरुवातीला नाक मुरडणारे बाटली लगेच ठेवून देतात आणि उत्तम भाग सोडून बसतात. पण सुरतेच्या दमट उकाड्यात वास दुप्पट अंगावर येतो, म्हणून एकच फवारा, तोही उधन्याच्या भरलेल्या बसमध्ये चढायच्या तासभर आधी.

मावशींना आता खरी कस्तुरी पाहिजे. म्हटलं, फसवणूक या मालात तीनशे वर्षांपूर्वीही होती. सुरत बंदरात उतरून हिंदुस्थान हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये पाटण्याला कस्तुरी घ्यायला जायचा. एका फेरीत साडेसात हजारांवर गाठी घेतल्या त्यानं. त्यात हरणाचं रक्त-काळीज कालवून भरतात, वजनाला शिशाचे तुकडे घालतात, असं तोच लिहून गेलाय. तेव्हा बाजारात कुणी कागदाच्या पुडीत “असली कस्तुरी” दाखवली तर हात लावू नका. खोटी निघाली तर पैसे गेले, आणि खरी निघाली तर पोलीस येतील.