माननीय मिकीसाहेबांची भेट मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. मिकी माउससाहेब,
टाउन स्क्वेअर थिएटर, मेन स्ट्रीट, मॅजिक किंगडम,
वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, ऑर्लँडोजवळ, फ्लोरिडा.

विषय : नातीसह भेटीची वेळ मिळणेबाबत, तसेच अन्य एका विनंतीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा मंत्रालयातून स्वीय सहायक म्हणून सेवानिवृत्त झालेला इसम असून, त्याची हयात लोकांना साहेबांची भेट मिळवून देण्यात आणि त्याहून अधिक ती मिळू न देण्यात गेली आहे. पुढचं साध्या मराठीत लिहितो. पत्र उघडणारा कुणीतरी माझ्यासारखाच असणार, त्याला उगाच त्रास कशाला?

मुलगा आणि सून न्यू जर्सीत असतात. नात सहा वर्षांची आहे. येत्या नोव्हेंबरात आम्ही दोघं तिकडे येणार आणि मग सगळ्यांनी मिळून तुमच्या दर्शनाला फ्लोरिडात उतरायचं, असं ठरलं आहे. ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी व्हिडिओ कॉलवर एक एक्सेल शीट उघडून दाखवली. वार, वेळ, ठिकाण, कोणाची भेट, रांग कोणती, पर्यायी व्यवस्था, शेरा. माझे डोळे पाणावले. साहेब, मी असे शेकडो दौरा कार्यक्रम टाइप केले आहेत. फरक इतकाच, की आमच्याकडे दौऱ्यावर मंत्री निघायचे आणि जनता जागच्या जागी हार घेऊन ताटकळायची. तुमच्याकडे साहेब जागचे हलत नाहीत. दौरा जनतेनं स्वतःच्या खर्चानं काढायचा असतो. १९७१ च्या १ ऑक्टोबरला फ्लोरिडातलं हे कार्यालय उघडलं तेव्हापासून हे असंच चालू आहे आणि कुणाची तक्रार नाही. आमच्या विभागानं एखादं अभ्यासपथक पाठवायला हवं होतं. पाठवलंही असेल म्हणा. अहवाल आला नसेल.

आमच्या सौभाग्यवतींचा मात्र वेगळा शेरा पडला आहे. त्यांचं म्हणणं, "उंदराला भेटायला दोन महिने आधी नंबर लावायचा? घरात आला तर आपण पिंजरा लावतो." सदर शेरा मी दप्तरी दाखल केला आहे, आपल्यापर्यंत पाठवत नाही.

त्यांचा रोख जेवणाच्या बुकिंगवर आहे. कंटेंपररी नावाच्या तुमच्या हॉटेलात, जिच्या पोटातून मोनोरेल आरपार जाते त्या इमारतीत, 'शेफ मिकीज' म्हणून उपाहारगृह आहे. तिथं आपण स्वतः टेबलापाशी येता, लहानग्यांना मिठी मारता, फोटो काढून घेता. जागा साठ दिवस आधी उघडतात, त्याही तिकडच्या पहाटे सहा वाजता. जे तुमच्याच हॉटेलात उतरणार, त्यांना पुढल्या दहा दिवसांपर्यंतचं एकदमच उरकता येतं. मोठ्या माणसाचं पान पन्नास डॉलरच्या वर. तीन ते नऊ वयाचं मूल असेल तर बालदर, तिनाच्या आत फुकट आणि दहावं लागलं की माणूस तुमच्या हिशेबी प्रौढ. मतदानाला अठरा लागतात, पण मिकीसाहेबांसोबत पूर्ण दरानं जेवायला दहा पुरे. आणि जागा धरून कुणी आलंच नाही, तर माणशी दंड! मी खुर्चीत टेकून बसलो. आमच्याकडे वेळ मागून न फिरकणाऱ्यांना दंड लावला असता, तर माझ्या काळात एखादा पाझर तलाव झाला असता.

तर पहाटेचे सहा. तेव्हा न्यू जर्सीत माझा मुलगा घोरत असतो. पण तुमचे सहा म्हणजे उन्हाळी वेळेत डोंबिवलीचे दुपारचे साडेतीन. त्यामुळे हे काम कुटुंबानं एकमतानं माझ्याकडे दिलं आहे. वामकुक्षी आटोपून, चहा घेऊन, चष्मा पुसून मी संगणकापुढे बसायचं आणि सव्वातीनपासून तुमच्या दारावर टकटक करत राहायचं. चाळीस वर्षं दाराच्या आतल्या बाजूला काढली. आता बाहेरच्या बाजूचा अनुभव घेतो आहे. बरं वाटतंय असं म्हणवत नाही.

जेवण नको असेल तर टाउन स्क्वेअर थिएटरात थेट भेट आहेच. मोबाइलवर रांग किती मिनिटांची आहे ते दिसतं. थांबायचं नसेल तर पैसे भरून दुसरी, छोटी रांग. आमच्याकडेही दुसरी रांग होती साहेब, पण तिचा दर भिंतीवर लिहिलेला नसे. या बाबतीत तुमचा कारभार पारदर्शक आहे हे मान्य करावंच लागेल.

व्यावसायिक कौतुकाच्या आणखी काही गोष्टी आहेत, त्या लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे, आपण एका ठिकाणी एकाच वेळी दोनदा दिसत नाही. ऑर्लँडो, कॅलिफोर्निया, टोकियो, पॅरिस, हाँगकाँग, शांघाय अशा सहा गावी आपला दरबार रोज भरतो. अबू धाबीतही भरणार असं २०२५ मध्ये जाहीर झालं आहे, म्हणजे मुंबईकराला तुम्ही तीनेक तासांवर आलात. तरीही कुठल्याही मुलाला एका वेळी दोन मिकी दिसू नयेत याची काळजी घेतली जाते. आमचे साहेब एकाच वेळी पुण्याला उद्घाटनात, दिल्लीला बैठकीत आणि आतल्या खोलीत झोपलेले असत, आणि ही तिन्ही उत्तरं मी एकाच अभ्यागताला एकाच दुपारी दिलेली आहेत. असे गोंधळ तुमच्याकडे होत नाहीत.

दुसरं म्हणजे भुयार. मॅजिक किंगडमच्या पायाखाली कर्मचाऱ्यांसाठी रस्ते आहेत हे ऐकून होतो, पण ते खरं तर खाली खणलेले नाहीत. फ्लोरिडात जमिनीतलं पाणी इतकं वर, की रस्ते जमिनीच्याच पातळीला बांधले, वर भराव टाकला आणि जनता चालते ती प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावरून. भरावाची माती शेजारी तलाव खोदला त्यातली. कारण काय, तर जुन्या पश्चिमेतला काउबॉय भविष्यनगरीतून चालत ड्यूटीवर जाताना कुणाला दिसू नये. वॉल्ट डिस्नेंना कॅलिफोर्नियात ते दृश्य खटकलं होतं, असं सांगतात. आमच्या साहेबांना अभ्यागत टाळायला फक्त मागची लिफ्ट होती. तुम्ही अख्खं शहर एक मजला वर उचललंत.

तिसरं, चौदा आणि त्यापुढच्या वयाच्या पाहुण्यांनी एरवी सोंग सजवून आत येऊ नये हा नियम. पाहुण्यालाच कुणी मिकी समजलं तर? याचं महत्त्व मला विचारा. 'मी साहेबांचा माणूस' असं सांगत सफारीत हिंडणारे मंत्रालयात कमी नव्हते आणि त्यांच्यापैकी निम्म्यांच्या सह्या साहेबांपेक्षा चांगल्या होत्या. सहीवरून आठवलं. तुमचा पोशाख कुणाच्याही अंगावर असो, वहीत उमटणारी सही एकच. तिचा सराव करून घेतात म्हणे. मी जन्मभर 'करिता' लिहून खाली सही ठोकली. तो 'करिता' तुम्ही गाळलात, ही खरी प्रशासकीय सुधारणा.

आणि मौन! काही वर्षं टाउन स्क्वेअरमध्ये आपण भेटणाऱ्यांशी बोलत असा. २०१८ मध्ये ते बंद झालं. बोलणारा पुढारी गप्प होऊन नुसता हात हलवू लागला, की त्याची कारकीर्द लांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमचा जन्म १९२८ चा. अजून निवृत्तीचं नाव नाही.

राजकन्या मात्र बोलतात, कारण त्यांना मुखवटा नसतो. सूनबाईंच्या तक्त्यात त्यांचे स्वतंत्र रकाने आहेत. एप्कॉट या तुमच्या दुसऱ्या उद्यानात तर त्या वकिलातीत बसल्यासारख्या आपापल्या देशात बसतात. एल्सा आणि ॲना नॉर्वेत, मुलान चीनमध्ये, स्नो व्हाइट जर्मनीत आणि राजकन्या नसूनही ॲलिस इंग्लंडात. डोनाल्ड मेक्सिकोत काय करतो हे मला कळलेलं नाही, पण बदल्या अशाच असतात. तळ्याभोवती अकरा देश आहेत, त्यांत भारत नाही. मोगलीची गोष्ट ज्या सिवनीच्या रानात घडते ते नागपूरहून जेमतेम दोन-तीन तासांवर. म्हणजे त्या गोष्टीतला बल्लू अस्वल हा तसा आमच्या शेजारचाच. त्याच्या निवासी दाखल्याचं काम असल्यास कळवावे.

आता नातीचं. तिनं एकच विचारलं, "मिकी मला ओळखेल ना?" बापानं तिला समजावायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं, कारण या प्रश्नाचं उत्तर माझ्या खात्याचं आहे. साहेब कुणालाच ओळखत नसतात. शेजारी उभा असलेला कानात सांगतो, "पाटील, तासगाव, मागच्या वर्षी पाण्याच्या कामासाठी आले होते," आणि साहेब हात पुढे करून म्हणतात, "काय पाटील, आलं का पाणी?" पाटलांना आयुष्यभर पुरतं ते. तुमच्याकडे मेन स्ट्रीटच्या सिटी हॉलमध्ये 'पहिली भेट' आणि 'वाढदिवस' असे बिल्ले फुकट मिळतात. ते छातीवर लावले की पात्रं त्यावरून मुलांशी खास वागतात. तो बिल्ला आमच्या तक्त्यात पहिल्या ओळीवर आहे. वही घेतली आहे, जाड पेनही घेतलं आहे, कारण चार बोटांच्या त्या गुबगुबीत हातमोज्यात बारीक पेन ठरत नाही. आणि नात ऐन वेळी तुमचं डोकं बघून भोकाड पसरेल, तर आधी लांबून दाखवायचं असंही ठरलं आहे. पुष्कळ मुलं रडतात म्हणे. मंत्र्यांना बघून मोठी माणसं रडत, पण ती आपलं काम होण्यासाठी.

इथवर सगळं ठीक. पुढचं जरा अवघड आहे, पण पत्र खुलं आहे तेव्हा लिहितोच.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. आमच्याकडे दशावतारी नटाबद्दल बोलतात, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. जत्रेत रात्रभर इंद्र झालेला माणूस उजाडल्यावर आपली ट्रंक डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला निघालेला आम्ही पोरं बघायचो. त्यानं इंद्राचं काही कमी व्हायचं नाही. उलट त्याला वाटेत चहा पाजायला लोक भांडायचे. तुमच्या इथं बोजा दिसता कामा नये असा दंडक आहे. म्हणून तो दिसला, तर फक्त बातमीत दिसतो. २००१ मध्ये फ्लोरिडातल्या तुमच्या कलाकारांसाठी टीमस्टर्स संघटना भांडली ती कशासाठी? पोशाखाच्या आत घालायचे कपडे कंपनी द्यायची, रात्री धुलाईला घ्यायची, आणि काल एकानं घातलेलं आज दुसऱ्याच्या वाट्याला यायचं. अंगावर किडे पडल्याच्या तक्रारी झाल्या. शेवटी करारात ज्याची अंतर्वस्त्रं त्याला मिळाली आणि घरी नेऊन धुवायची मुभा झाली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध उंदराला स्वतःची चड्डी मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. पुढे मे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या मिरवणुका आणि पात्रं करणाऱ्या सुमारे १,७०० जणांच्या गटानं मोठ्या बहुमतानं ॲक्टर्स इक्विटी या संघटनेला कौल दिला. ज्यांचं काम मिठ्या मारण्याचं, त्यांना संघटना करावी लागली. वर्ग तीनचा कर्मचारी म्हणून माझा त्यांना जाहीर पाठिंबा आहे.

म्हणून ती अन्य विनंती. मला तुमची भेट नकोच आहे. नातीला द्या, सूनबाईंना द्या, सौभाग्यवती नको म्हणतील पण फोटोत पुढे उभ्या राहतील, त्यांनाही द्या. मला तुमच्या शेजारी उभा असतो त्याला भेटायचं आहे. साध्या गणवेशातला. रांगेवर नजर ठेवणारा, 'यांच्यानंतर आज कुणी नाही' असं हसतमुखानं सांगून एका बापाचे शिव्याशाप झेलणारा, पोशाखातला माणूस आत उकडून निघालाय हे मानेच्या हालचालीवरून ओळखून 'मिकीला जरा प्लूटोकडे बघून यायचंय' असं पोरांना पटवणारा. ही थाप मी ऐकली आणि उभा राहिलो. आमच्याकडे 'साहेब बैठकीत आहेत' याच्या पलीकडे कुणाची प्रतिभा गेली नाही.

त्याच्यासाठी तुमच्या ॲपमध्ये रकाना नाही, मी सगळीकडे पाहिलं. पाचच मिनिटं हवीत. नातीची वही भरत असेल तेवढ्यात आमचं उरकेल. लोक अंगावर आले तर तो हात कुठे ठेवतो, खरं किती सांगतो, संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला बोलावंसं वाटतं का, एवढंच विचारायचं आहे. साठ दिवस आधी, दुपारी साडेतीनला, मी तयार आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त स्वीय सहायक, डोंबिवली (पूर्व)

सोबत : नातीच्या जन्मदाखल्याची प्रत (वय दहाच्या आत असल्याबाबत).

प्रत : मा. डोनाल्ड डक, मेक्सिको दालन, यांना माहितीस्तव. खुलासा मागवलेला नाही, कारण त्यांनी केला तरी तो कुणाला कळणार नाही.