पिकासावाले काका

प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतातच. त्यांच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन लग्नाचा एक फोटो मागायला जावं, तर फोटो दोन मिनिटांत सापडतो आणि तो कसा सापडला हे ऐकण्यात दीड तास जातो. हे काका बहुधा पाटबंधारे खात्यातून किंवा बँकेतून निवृत्त झालेले असतात. त्यांच्या फोल्डरांची नावं 'महाबळेश्वर २००७ निवडक', 'निवडक अंतिम' आणि 'अंतिम (खरं)' अशी चढत्या निर्धाराची असतात.

२००४ मध्ये गुगलने पिकासा हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि फुकट वाटलं. फुकट आणि नीटनेटकं, म्हणजे काकांसाठीच केलेलं. २००९ मध्ये त्यात चेहरे ओळखायची सोय आली आणि काकांच्या संध्याकाळी सत्कारणी लागल्या. पिकासा चेहरे कापून समोर मांडी, काका एकेकाला नाव देत. गणेशोत्सवाच्या फोटोंत तर मागच्या फ्लेक्सवरचे हात जोडलेले चेहरेही यायचे. त्या सगळ्यांना काकांनी 'भावी नगरसेवक' या एकाच नावाखाली बसवलं.

२०१६ मध्ये गुगलने पिकासा बंद केल्याचं जाहीर केलं. काका म्हणाले, "त्यांच्याकडे बंद. आपल्याकडे चालू आहे." त्याची सेटअप फाइल एफडीच्या पावत्यांशेजारी लॉकरमध्ये गेली.

मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा आधार संपला आणि काकांचा कॉम्प्युटर अकराच्या परीक्षेत नापास झाला. मुलाने बंगळुरूहून नवा धाडला, वर सल्लाही दिला. "बाबा, सगळं ऑनलाइन टाका. 'समुद्र' लिहिलं की समुद्राचे फोटो समोर येतात."

"लिहायचं कशाला? समुद्र कुठे ठेवलाय ते मला ठाऊक आहे," काका म्हणाले.

फोटो हलवायला भाचा आला. प्रत्येक फोल्डरमध्ये त्याला 'पिकासा डॉट आयएनआय' नावाची लपलेली, चिमुकली फाइल दिसली. कचरा समजून त्याने सगळ्या उडवल्या, जुन्या डिस्कवरच्यासुद्धा. काकांचा सगळा संसार त्यांतच होता. कोणत्या फोटोला तारा, कोणत्या चौकटीत कोणाचा चेहरा, फोटो कुठवर कापायचा, सगळं. पिकासा मूळ फोटोला सहसा हात लावत नसे, या बारक्या फाइलीत नोंद करून ठेवी. त्यातही 'सेव्ह'चं बटण काकांनी तत्त्व म्हणून कधीच दाबलं नव्हतं. मूळ अर्जावर खाडाखोड करायची नाही, शेरा टिपणीवर मारायचा, ही नोकरीतली शिस्त.

नव्या कॉम्प्युटरवर भाच्याने पिकासाऐवजी डिजिकॅम नावाचं तसलंच सॉफ्टवेअर टाकलं. तेही फुकटच, त्यामुळे काकांची हरकत नव्हती. 'महाबळेश्वर २००७ निवडक' उघडलं, आणि काकू मागून ओरडल्या, "अय्या! ताईचे यजमानही आले होते की आपल्याबरोबर!"

प्रत्येक फोटोच्या उजव्या कडेला, मक्याचं कणीस खात, साडू उभे होते. काकांनी त्यांना मोठ्या चिकाटीने फोटोफोटोतून कापलं होतं. आयएनआय गेली आणि साडू परतले.

"मी म्हणतच होते, तुम्ही सगळ्या फोटोंत कडेला कसे!" काकू म्हणाल्या.

भाच्याला वाटलं, आता काका भडकणार. पण डिजिकॅमने तेवढ्यात सगळे चेहरे गोळा करून 'अनोळखी' म्हणून पुढ्यात ओतले. हजारो चेहरे, एकालाही नाव नाही. काकांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. कधीही फोटो बघताना दिसलं नव्हतं असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. फोटो बघायचे असतात बायकामुलांनी. काकांना ते लावायचे असतात. आता तर पहिल्यापासून लावायचे होते.

पहिलाच चेहरा कणीसवाल्या साडूंचा निघाला. काकू आत चहा टाकायला गेल्यात याची काकांनी खात्री करून घेतली आणि नावाच्या जागी टाइप केलं : भावी नगरसेवक.