टूब चांगली आहे जी!

भंडारा जिल्ह्यात तालुक्याच्या कोणत्याही गावी, बसस्टँडमागच्या गल्लीत हे गृहस्थ सापडतात. तुमसरला सापडतात, साकोलीला सापडतात, पवनीलाही सापडतात. दुकानाच्या पाटीवर 'रेडिओ, टेप, टीव्ही, व्हीसीआर' एवढं अजून वाचता येतं. पुढच्या काउंटरवर मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो. घर त्यावर चालतं. मागे, पाठ उघडी पडलेल्या दहाबारा सेटांच्या मधोमध, काका.

गिऱ्हाइकानं टीव्ही खाली ठेवायच्या आत काकांचं निदान झालेलं असतं. ते वासावरून होतं. जळका वास आला तर एलओटी ट्रान्सफॉर्मर, वासच नसेल तर पॉवर सप्लाय, आणि उंदराचा वास आला तर उंदीर. पुढचं वाक्य मात्र तिन्ही आजारांत एकच: "टूब चांगली आहे जी, फेकता कायले?"

सेट कधी मिळेल या प्रश्नाला 'परवा' हे उत्तर असतं. हा परवा पंचांगात सापडत नाही.

क्राउन, वेस्टन, डायनोरा, सॉलिडेअर ही नावं काका जुन्या सोयऱ्यांची घ्यावीत तशी घेतात. लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट सेट आला की आधी हात पुसतात. १९८२च्या एशियाडबरोबर देशात रंग आला, तोही त्यांना जरासा उथळच वाटतो. १९८७ साली दर रविवारी 'रामायण' लागायचं, तेव्हा आपण शनिवारी रात्री जागलो नसतो तर अर्ध्या गावाला लंकादहन दिसलं नसतं, असं ते सांगतात. वाल्मीकींचा उल्लेख त्यानंतर येतो.

साफसफाई हा मात्र खरोखर पाहण्यासारखा भाग. रंगीत पिक्चर ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि वायर काढली तरी तो बराच वेळ काचेत दबा धरून बसतो. म्हणून काका आधी चेसिसला जोडलेला स्क्रू ड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवतात. 'टच्!' आवाज येतो, नवा पोऱ्या दोन पावलं मागे उडतो आणि काकांचा दिवस सार्थकी लागतो. या वेळी त्यांचा डावा हात खिशात असतो. बघणाऱ्याला ती ऐट वाटते. खरं तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाऊ नये, म्हणून घेतलेली ती खबरदारी आहे. मग ब्रशनं वर्षानुवर्षांची धूळ, वाळलेल्या कंडेन्सरांची बदली आणि भिंगातून ड्राय सोल्डरचा शोध. नागपूरला, सीताबर्डीला पार्ट मिळाला नाही तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. तीस रुपयांच्या पार्टला सत्तर रुपयांचं कुरिअर!

एवढं करून सेट लागतो, आणि पडद्यावर मुंग्या दिसतात. त्यात काकांचा दोष नाही. दूरदर्शनचे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२पर्यंत बहुतेक बंद झाले. अँटेना आता कावळ्यांच्या सोयीसाठी उरला आहे. सेटटॉप बॉक्स जोडावा तर शटरवाल्या सेटला एव्हीची भोकंच नाहीत. काका मध्ये मॉड्युलेटर बसवतात. आता बातम्या दिसतात, निवेदकाचं कपाळ थोडं कापलं जातं इतकंच. "कपायात काय पायाचं आहे?" असं काकांचं म्हणणं.

अलीकडे त्यांच्याकडे एक नवी जमात येऊ लागली आहे: पुण्याहून सुट्टीवर आलेले चाळिशीतले इंजिनिअर. माळ्यावर त्यांना नव्वदीतला व्हिडिओ गेम सापडलेला असतो. निन्टेंडोनं १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची ही भारतात घरोघर पोचलेली नक्कल, सोबत '९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट, जिच्यात खरे गेम मोजकेच. इंजिनिअर सवयीनं कॅसेटमध्ये फुंकर मारतो. काका ती हिसकावून घेतात. थुंकीच्या ओलाव्यानं पिना गंजतात; ते खोडरबर फिरवतात, वर स्पिरिटचा बोळा.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हे प्रकरण त्याहून नाजूक. आग लागू नये म्हणून जुन्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं घालत. ऊन आणि हवा खाऊन ते पिवळं पडतं. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड फासून पुन्हा उन्हातच ठेवायचं, हा त्यावरचा उपाय मुलानं मोबाईलवर दाखवला. भंडाऱ्याच्या मे महिन्यात उन्हाला तोटा नाही. पेरॉक्साइडचं क्रीम मात्र ब्यूटी पार्लरमध्ये मिळतं. काका तिथे गेले, चाळीस व्हॉल्यूमचं मागितलं, आणि त्यांच्या डोक्यावरच्या मोकळ्या मैदानाकडे पाहून पार्लरवालीनं दोनदा विचारलं, "कोणासाठी जी?"

खरा विजय व्हिडिओ गेमसोबतच्या बंदुकीचा. इंजिनिअरच्या पंचावन्न इंची टीव्हीवर 'डक हंट' या गेममधलं एकही बदक पडत नाही. "बंदूक खराब आहे," तो म्हणतो. काका तोच गेम आणि तीच बंदूक दुकानातल्या एका जुन्या डबड्याला लावतात. पहिल्या गोळीत बदक खाली. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला डोळा तेवढा उजेड टिपतो. नवा टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो. तोवर बंदुकीनं नेम चुकल्याचं ठरवलेलं असतं. काका एवढं समजावत बसत नाहीत. "तुमचा टीव्ही आयशी आहे," म्हणतात.

इंजिनिअर भारावतो, तोच सेट विकत मागतो. काका नाही म्हणतात: गिऱ्हाइकाचा आहे, परवा न्यायला येणार आहे. मालकानं दोन वर्षांपूर्वीच फोनवर सांगून टाकलंय, "तुमच्याकडंच राहू द्या." हे मुलगा काउंटरवरून ओरडून सांगतो. काका त्याला कव्हरं मोजायला लावतात.