पंप थांबला, पाणी थांबलं नाही

“मेधा! अगं ए मेधा! ते कपडे राहू देत जरा. कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं कळलं का तुला?”

“हॉलमध्ये पाणी झालं ना? दूधवाला म्हणाला सकाळी. पण नेमकं काय झालं ते त्याला कुठलं माहीत!”

“मला माहीत आहे ना. त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशी नंतर आमच्याकडेच येतात. ती नवी लाकडी फरशी आठवते का? वास्तुशांतीला चपला बाहेर काढायला लावून आपल्याला तीनदा दाखवली होती. फुगून वर आली म्हणे! फिश टँकला आपोआप पाणी भरणारं यंत्र बसवलं होतं. रात्रीत अख्खं पिंप रिकामं. आणि साहेब सगळ्यांना एकच सांगत सुटलेत, पंप वेळेवर बंद झाला होता, यंत्रात काही दोष नाही.”

“खरंच बोलत असतील ते, काकू. पंप थांबला असेल, पाणी थांबलं नसेल.”

“म्हणजे गं?”

“पिंप स्टुलावर उंच आणि नळीचं टोक टँकच्या पाण्यात बुडालेलं. पंपाने नळी एकदा भरून दिली की पुढे पंपाची गरजच नाही. वरचं पाणी आपलं आपण खाली येत राहतं.”

“अगोबाई, हे तर रॉकेलचं पिंप झालं! नळीने ओढायचं, रॉकेल यायला लागलं की टोक डब्यात सोडायचं. टोक वर उचललं नाही तर डबा भरून अंगणात. एवढं शिकलेला माणूस, आणि हे सुचलं नाही? पण तू का अशी गप्प झालीस?”

“कारण मी पण तेच यंत्र घ्यायला निघालेय. महिनाअखेरीला सांगलीला नणंदेच्या मुलीचं लग्न. शनिवारी निघायचं ते पुढच्या शनिवारी परत. आठ दिवस टँकला पाणी कोण घालणार?”

“मी आहे की! दिवाळीत नाही का घातलं?”

“दिवाळीत थंडी होती काकू, शिवाय आम्ही दोनच दिवस गेलो होतो. हा मे महिना, त्यात नाशिकचं कोरडं ऊन. कोरलला गरम पाणी सोसत नाही म्हणून वर पंखा लावलाय. पंख्याने पाणी गार राहतं, पण उडतंही तेवढंच. रोज चार लिटर.”

“चार लिटर! मोजलंस की अंदाजपंचे?”

“मोजलं. खालच्या सम्पच्या काचेवर चिकटपट्टी लावली, चोवीस तासांनी पातळी बघितली, आणि मापाच्या जगने पट्टीपर्यंत परत भरलं. वरच्या टँकमध्ये मोजून उपयोग नसतो. तिथली पातळी हलतच नाही. वरून सांडलेलं पाणी खाली सम्पमध्ये येतं, तिथला पंप ते परत वर चढवतो. त्यामुळे सगळी तूट पंपाच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा ३० बाय ४० सेंटिमीटरचा. चार लिटर गेले की सव्वातीन सेंटिमीटर उतरलाच. आठ दिवसांनी पंप उघडा पडून नुसती हवा ओढत बसेल.”

“आणि समुद्राचा टँक म्हणजे घालायचं ते मिठाचंच पाणी ना?”

“नाही हो, तिथेच तर सगळे फसतात! उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. टँक आणि सम्प मिळून माझं दोनशे लिटर पाणी आहे, लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे त्यात सात किलो मीठ. आठ दिवस काहीच घातलं नाही तर पाणी उरणार १६८ लिटर, मीठ सातच्या सात किलो. म्हणजे लिटरला ४१ ग्रॅमच्या वर. त्यात मी भरीला मिठाचं पाणी घातलं तर विचारायलाच नको.”

“मग आमच्या आरओचं ने.”

“पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळून देतात बऱ्याचदा. मीटर लावून बघावं लागेल. नळाचं तर क्लोरीनमुळे थेट चालतच नाही. दुकानातून साधं आरओचं पाणी आणून ठेवते मी, त्याची काळजी नाही. काळजी यंत्राची. दुकानदाराने पाच तऱ्हा सांगितल्या, डोकं भणाणून गेलं.”

“सांग एकेक. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणूनच सांग.”

“सगळ्यात स्वस्त म्हणजे सलाईनची नळी. वर बाटली टांगायची, खाली थेंब थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरला मिनिटाला पंचावन्न-छप्पन्न थेंब.”

“श्रावणात पिंडीवर अभिषेकपात्र लावतात तसं.”

“अगदी तसं.”

“मग ते नको. अभिषेकपात्राला कुठे कळतं पिंडीला पुरे झालं की नाही? वळीव आला, हवा दमट झाली, तुझं पाणी दोनच लिटर उडालं, तरी ते चारच सोडणार. पुढचं सांग. आणि प्रत्येकाचं सांगताना भरतं कसं ते नको, थांबतं कशाने ते सांग.”

“बरं. दुसरा फ्लोट व्हॉल्व्ह. तुमच्या कूलरला आहे तोच. पातळी उतरली की गोळा उतरतो, पाणी सुरू. चढली की बंद. वीज लागत नाही.”

“थांबतं गोळ्याने. आमच्या कूलरचा गोळा दर उन्हाळ्यात अडकतो आणि गॅलरीत तळं होतं. ते तर साधं पाणी. तुझ्याकडे मीठ.”

“हो ना. थांबा, एक दाखवते. हा बघा, जुना तरंगता स्विच. दुकानदाराने बघायला म्हणून दिलाय. मधल्या दांडीवर हा गोळा वरखाली होतो, गोळ्यात चुंबक आहे, दांडीच्या आत स्विच. हात लावून बघा.”

“इश्श, हलतच नाही की! हे पांढरं काय धरलंय?”

“मीठच. पाणी उडतं तिथे बरोबर काठाशी थर धरतो. आणि त्या खाली बघा, फटीत.”

“गोगलगाय! एवढीशी! मेलेली दिसते. बघ, नखाने थर खरवडला तर खरखर करत गोळा एका बाजूने सुटतो, दुसरीकडे तसाच धरून बसतो. म्हणजे हा खाली अडकला तर यंत्राला वाटणार पाणी कमीच आहे, आणि ते ओततच बसणार.”

“महिन्या-दीड महिन्याने व्हिनेगरमध्ये बुडवून साफ केला तर नाही अडकत. पण करतंय कोण!”

“तू नाही करणार, मला माहीत आहे. तुझ्या चिमणीची जाळी बघितलीय मी. पुढचं?”

“डोळेवाला सेन्सर. टोकाशी काचेसारखा तुकडा, आतून न दिसणारा उजेड सोडतात. टोक कोरडं असेल तर उजेड आतल्या आत परततो, पाण्यात बुडालं की बाहेर निघून जातो. त्यावरून त्याला कळतं. हलणारं काहीच नाही, त्यामुळे अडकायचा प्रश्न नाही.”

“मग घे की हा. रडतेस कशाला?”

“त्यावर शेवाळ धरलं, बुडबुडे बसले किंवा समोरून लख्ख दिवा पडला तर त्यालाही भ्रम होतो.”

“म्हणजे एकावर विसंबायचंच नाही. पोराला बाजारात पाठवून मागोमाग त्याच्या बहिणीला पाठवतो आपण, पैसे बरोबर परत आणतो का बघायला. इथे बहीण कोण?”

“आहे ना! बऱ्या यंत्रांत दोन सेन्सर असतात. एक रोजचा, दुसरा दोन-तीन सेंटिमीटर वर. पाणी तिथपर्यंत चढलं म्हणजे पहिला चुकलाय, तेव्हा पंप तोडायचा आणि भोंगा वाजवायचा. जर्मनीच्या टुंझे कंपनीच्या ऑस्मोलेटरमध्ये खाली डोळा आणि वर तरंगता स्विच आहे, दोन वेगळ्या जातीचे.”

“हे मला आवडलं. दोघं एकाच जातीचे असते तर एकाच रोगाने मरायचे.”

“किंमत बघून मात्र मी फोन उलटा ठेवला. पण दुकानदाराकडे दोन सेन्सरवालं साधं यंत्रही आहे. शिवाय त्यात वेळेचं बंधन आहे. पंप सलग दहा मिनिटं चालला की काहीतरी बिघडलंय असं समजून आपणहून बंद. आणि पंप एकदम जोरकस म्हणाला, तासाला तीनशे लिटर!”

“तासाला तीनशे. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. दहा मिनिटांत पन्नास. तुझ्या साठवणीच्या पाण्याचं भांडं केवढं?”

“तो साठ लिटरचं घ्या म्हणाला. वरचेवर भरायला नको.”

“वा रे शहाणा! म्हणजे दहा मिनिटं संपायच्या आत पन्नास लिटर तुझ्या हॉलमध्ये, आणि मग यंत्र ऐटीत म्हणणार, बघा मी वेळेवर थांबलो! त्या बंधनाचा उपयोग काय मग?”

“...हे माझ्या लक्षातच आलं नसतं काकू.”

“अगं, शाळेच्या स्टोअरचा हिशेब सव्वीस वर्षं ठेवलाय मी. भरणारी माणसं ढीगभर मिळतात, थांबवणारं कोणी नसतं. तुला दिवसाला चार लिटर हवेत ना? मग पंप मरतुकडा घे. मिनिटाला एक लिटरचा असला तरी दहा मिनिटांत दहाच सांडतील. आणि भांडंही लहान. वीस लिटरचा जार, लग्नात पाण्याचे ठेवतात तो. सगळा जरी उपडा झाला तरी काय होईल?”

“सात किलो मीठ दोनशे वीस लिटरमध्ये... लिटरला ३२ च्या थोडं खाली. मासे काढतील, कोरल रुसतील, पण मरायचे नाहीत. फक्त सम्पमध्ये वीस लिटरची जागा मोकळी हवी. आणि लाइट गेली की वरच्या टँकचं थोडं पाणी खाली उतरतं, तेही त्यात मावायला हवं.”

“आधी लाइट बंद करून बघ किती उतरतं ते. मग जागा मोज. पण एक अडचण आहे. रोज चार म्हणजे वीस लिटर पाचच दिवस पुरणार.”

“तेच तर! म्हणून साठचं घ्यावं वाटत होतं.”

“साठचं कशाला, मी मेले आहे का? शनिवारी भरून जा. बुधवारी सकाळी सोळा लिटर गेलेले असतील, तेवढे मी घालेन. रोज येण्यापेक्षा एकदा येणं काय वाईट? आणि येईन तेव्हा बघेनही. माणसाची नजर पडली पाहिजे अधूनमधून, नाहीतर माशांनी सांगायचं कोणाला?”

“चालेल काकू. जार टँकच्या शेजारी जमिनीवरच ठेवते. स्टुलावर नको.”

“जमिनीवर ठेवलास तरी नळीचं टोक कुठे येतं ते बघ. सम्पच्या पाण्याच्या वर असून भागायचं नाही. जार सम्पपेक्षा उंच आहे. टोक जारमधल्या पाण्याच्या खाली आलं की रॉकेल सुरूच राहणार.”

“बरोबर. टोक जारच्या तोंडाच्याही वर, हवेत ठेवते. खाली एक जाड पाइपाचा तुकडा उभा बांधते, म्हणजे पाणी त्यातून उतरेल, शिंतोडे उडणार नाहीत.”

“आणि जारचं झाकण? उघडं ठेवून जाऊ नकोस हो. स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. गेल्या पावसाळ्यात महानगरपालिकेची माणसं आमच्या कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा उलट्या करून गेली.”

“झाकणाला नळीपुरतं भोक पाडते. हवेसाठी एक बारीक, त्यावर जाळी.”

“झालं तर मग. कधी बसवणार? निघायच्या आदल्या रात्री?”

“नाही, याच आठवड्यात. पंधरा-वीस दिवस माझ्या डोळ्यांदेखत चालू दे. तुम्ही पण या, परीक्षा घेऊ त्याची. खालचा सेन्सर उचलून हवेत धरायचा, म्हणजे त्याला वाटेल टँक आटला. पंप सुरू होईल. मग वरचा स्विच हाताने उचलायचा. तिथल्या तिथे थांबला पाहिजे.”

“आणि त्यानंतर वरच्यालाही हात न लावता, नुसतं घड्याळ बघत उभं राहायचं. नळी बादलीत सोड म्हणजे झालं. दहा मिनिटं म्हणालाय ना, दहालाच थांबतो की तेराला ते कळू दे. आणि बादलीत किती पडलं तेही मोज. दुकानदाराच्या तोंडचा आकडा आणि बादलीतला आकडा वेगळा असतो.”

“एक राहिलं काकू. बुधवारी तुम्ही आलात आणि भोंगा वाजत असला तर?”

“तू सांग.”

“सरळ प्लग काढायचा. दुरुस्त करायला जाऊ नका. उरलेले चार दिवस थेंब पडला नाही तरी सोळाच लिटर कमी होतील, मीठ ३८ वर जाईल. तेवढं चालून जातं. कोरडं पडायला दिवस लागतात, पूर यायला मिनिटं.”

“आणि जगने मी घालीन की दोन दोन लिटर सकाळ-संध्याकाळ, तुझ्या चिकटपट्टीपर्यंत. तेवढं येतं मला. पण सांगलीहून भडंग आणायचं. लसणीचं. किलोभर.”

“दोन किलो आणते.”

“आणि तो प्लग कुठला, ते मोठ्या अक्षरात लिहून चिकटव. तुझ्या त्या भिंतीवर एका ओळीत सहा आहेत. मी यंत्राचा म्हणून माशांच्या पंख्याचा काढला तर लग्नाहून आल्यावर रस्सा करावा लागेल.”