कोटीतल्या सातशे

नव्या गाण्याला वय नसतं, नुसता वेग असतो. सोमवारी कुणाच्या तरी फोनवर वाजलेलं गाणं शनिवारी हळदीत वाजतं आणि पुढच्या आठवड्यात आळीतलं शेंबडं पोरही ते शब्द चुकवत, पण ठेका न चुकवता म्हणत असतं. अशा वेळी कुठल्यातरी सज्जनाला वाटतं की या गाण्याचं विकिपीडियावर पान असायलाच हवं. तो धूळपाटीवर मजकूर जुळवतो. गायकाचं नाव, गाणं आलं ती तारीख, किती कोटी वेळा पाहिलं गेलं तो आकडा. मग पान चढवतो आणि कृतार्थ मनाने झोपतो. सकाळी उठून पाहावं तर दुसऱ्या एका सज्जनाने पानाच्या डोक्यावर पाटी लावलेली असते: विषयाची उल्लेखनीयता दिसत नाही, पान वगळावे का यावर चर्चा चालू आहे. इंग्रजी विकिपीडियावर ही चर्चा साधारण सात दिवस चालते. गाण्याच्या आयुष्यात सात दिवस म्हणजे अर्धं तारुण्य.

मला या चर्चा वाचायचा नाद आहे. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं तिथे येऊन ‘ठेवा’, ‘काढा’, ‘विलीन करा’ असं ठळक अक्षरांत लिहितात आणि खाली कारण देतात. डोकी मोजत नाहीत, कारणं तोलतात. शेवटी एखादा प्रचालक चर्चेचा कौल काय ते सांगून प्रकरण मिटवतो. त्यामुळे ‘आमच्या अख्ख्या कॉलेजला हे गाणं आवडतं’ असं कुणी कितीही कळवळून लिहिलं तरी पारडं तसूभर हलत नाही. त्या वाक्याखाली कुणीतरी अगदी सौजन्याने एका नियमाचा दुवा डकवतो. नियमाचा दुवा मिळालेल्या प्रेमिकाइतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

गंमत अशी की गाणं चांगलं आहे का, हा प्रश्न त्या नियमांत कुठेच नाही. गायक थोर म्हणून गाणं थोर ठरत नाही. प्रसिद्धी तिथे वारसाहक्काने मिळत नाही. यूट्यूबवरच्या आकड्यांनीही भागत नाही. देशाच्या अधिकृत लोकप्रियता-यादीत नाव आलं, मोठा पुरस्कार मिळाला, वेगवेगळ्या कलावंतांनी ते आपापल्या परीने गायलं, तर आशेला जागा आहे, पण तीही जागाच, हक्क नव्हे. खरी अट एकच: गाण्याशी देणंघेणं नसलेल्या कुणीतरी, एकाहून अधिक ठिकाणी, त्या गाण्याबद्दल सविस्तर लिहिलेलं असावं. गायकाची मुलाखत चालत नाही, कंपनीचं प्रसिद्धिपत्रक तर नाहीच. स्थळाची चौकशी करताना आपण मुलाच्या आईला विचारत नाही, शेजाऱ्यांना विचारतो, तसंच हे. आणि एवढं होऊनही पान चार ओळींपलीकडे वाढणार नसेल, तर ते गायकाच्या पानाकडे वळवतात. आपण गाण्याचं नाव टाकायचं आणि उघडणार गायकाचं दार.

२०२४ च्या सुरुवातीला संजू राठोड यांचं ‘गुलाबी साडी’ आलं. गाणं त्यांनीच लिहिलं, त्यांनीच गायलं, आणि पाहता पाहता रील्समधून देशभर गेलं. मराठीचा गंध नसलेली माणसंही त्यावर नाचली. त्या पहिल्या आठवड्यात कुणी पान करायला बसलं असतं, तर त्याच्या हाती काय असतं? अशा गाण्यांवरच्या आपल्याकडच्या बातम्या आठवून पाहा. गाण्याने धुमाकूळ घातला, नेटकऱ्यांना वेड लावलं, अमुक अभिनेत्रीने त्यावर ठेका धरला. दुसऱ्या बातमीत अभिनेत्री बदलते, वेड तेच राहतं. चाल कुठल्या वळणाची आहे, ठेक्यात कोणत्या तालाची सावली आहे, शब्दांत कुठल्या गावची बोली मुरली आहे, हे कुणी सांगत नाही. गाण्याचा अभ्यास मात्र होतो, तो मुंबईतल्या बेंजो पार्टीत. नवं गाणं मिरवणुकीपर्यंत पोचायच्या आत बेंजोवाल्याने ते कानाने उचललेलं असतं, त्यातली प्रत्येक हरकत, प्रत्येक थांबा. त्याच्या वाद्याच्या कळा हुबेहूब टंकयंत्रासारख्या असतात. डाव्या हाताची बोटं त्या कळांवर झरझर फिरताना पाहिली की वाटतं, या गाण्यावर एवढं बारकाईने टंकलेखन करणारा मराठीत हा एकच माणूस. पण त्याचं लिखाण हवेत विरतं, संदर्भ म्हणून देता येत नाही.

लोकप्रियतेचे पुरावे ठेवायची आपल्याला सवयच नव्हती म्हणा. हिंदी गाण्यांना १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला होती. अमीन सयानी पायदान मोजून दाखवत. मराठी गाण्यांना होती ती आकाशवाणीवरची ‘आपली आवड’. तिथे पायऱ्या नव्हत्या, माणसं होती. निवेदिका आधी गीतकार, संगीतकार, गायक सांगायची आणि मग फर्माईश करणाऱ्यांची नावं: अमुक गावचे चार भाऊ, त्यांच्या दोन वहिन्या, शेजारचे काका आणि बालगोपाळ मंडळी. गाणं तीन मिनिटांचं, घराणं त्याहून लांबलचक. त्या पोस्टकार्डांहून अधिक स्वतंत्र, अधिक विश्वासार्ह साक्षीदार कुठले असतील? गाण्याशी त्यांचा एका पैचाही संबंध नव्हता. पण त्यांनी ‘सविस्तर’ लिहिलं नाही. आवडतं, लावा, एवढंच लिहिलं.

कोणत्या गाण्याची नोंद घ्यावी, हा पेच काही संगणकाने आणलेला नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ रचला. शंभर अध्यायांचा तो ज्ञानकोशच: त्यात हत्ती आहेत, रत्नं आहेत, स्वयंपाक आहे. आणि गीतांच्या ओघात राजा नोंदवतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. मराठी गाण्याला कोशात मिळालेली ही फार जुनी जागा. पण ती ओवी या प्रकाराला मिळाली, कुण्या एका ओवीला नाही आणि गाणारीला तर नाहीच. आजच्या भाषेत सांगायचं तर राजाने साऱ्या ओव्या एका पानात विलीन केल्या.

त्याच्याही कितीतरी आधी हाल राजा होऊन गेला. आपल्या ‘गाहासत्तसई’त, म्हणजे गाथासप्तशतीत, तो सांगून टाकतो की एक कोटी गाथांमधून या सातशे निवडल्या. कोटी हा आकडा कवीचा आहे, कारकुनाचा नव्हे, हे मला कळतं. तरीही मनात वजाबाकी होतेच: नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार तीनशे गाथा वगळल्या. त्यातली एखादी गोदाकाठच्या कुणा मुलीची असेल, तिच्या सगळ्या मैत्रिणींना पाठ असलेली. हालाकडे चर्चापान नव्हतं. तिच्या मैत्रिणी ‘ठेवा’ म्हणायला जाणार कुठे?

उलट टोकाचं उदाहरण आपल्याच काळातलं. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि करवल्या, एक लाखाहून जास्त. गाणारीच्या नावासकट, गावासकट. सोमेश्वराला ज्या बाईचं नाव विचारावंसं वाटलं नाही, तिला आठशे वर्षांनी कुणीतरी विचारलं, ‘बाई, तुमचं नाव काय?’ विकिपीडियाचा तो रुक्ष नियम मागतो ते याहून फार वेगळं नाही. कुणीतरी परक्याने थांबावं, विचारावं, लिहून ठेवावं, एवढंच. नियम कठोर वाटतो, कारण आपण थांबत नाही. नाचून घरी जातो.

तेव्हा त्या पहिल्या सज्जनाने खट्टू होऊ नये. पान वळवलं की त्याने लिहिलेला मजकूर पुसला जात नाही. ‘इतिहास’ची कळ दाबली की तो जसाच्या तसा दिसतो आणि पुरेसे संदर्भ मिळाले की कुणालाही तो परत आणता येतो. दिवाळी अंकांच्या संपादकांना मात्र एक विनंती. यंदा वरातीत गाजलेल्या एखाद्या गाण्यावर चार पानं छापा. ठेका कुणाचा, शब्द कुठले, लोकांनी ते का उचललं, सगळं लिहवून घ्या. एका अंकाने भागणार नाही; निदान दोन हवेत, आणि लेखक वेगवेगळे. तोवर माझं मत: तूर्तास गायकाच्या पानाकडे पुनर्निर्देशन.