फुल का हाफ?

यवतमाळ–दारव्हा एसटीत कंडक्टर माझ्यापाशी आला की मशीनवरचं त्याचं बोट अडतं. 17 मार्च 2023पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं. तेव्हापासून राज्यात रोज लाखो माणसं बाई की पुरुष, हे कंडक्टर एका नजरेत ठरवतो, तेही खड्ड्यांतून, एका हाताने दांडा धरून. माझे तोकडे केस, ढगळ शर्ट आणि कानातल्या आईच्या कुड्या, यांचा हिशेब मात्र त्याला जमत नाही.

“फुल देऊ का हाफ?”

मागच्या सीटवरची आजी पुढे वाकते. तिलाही उत्तर हवं असतं. मलाही. वाद नको म्हणून मी फुलचे पैसे पुढे करावेत, तर आजी म्हणते, “तुले जास्त झाले का पैसे?” पासष्टीनंतर एसटी सगळ्यांनाच हाफ देते आणि पंच्याहत्तरीनंतर फुकट नेते. तिथवर पोचलं की महामंडळापुरता तरी माझा प्रश्न मिटेल.

2011च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात 4,87,803 माणसं निघाली, महाराष्ट्रात 40,891. देशाच्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची जवळपास 55 हजार मुलं आहेत. त्या पोरांचंसुद्धा ठरून गेलं! अर्थात प्रगणकाला उत्तर घरच्यांनीच दिलं असणार.

भाची मुंबईला शिकते. तिने नॉन-बायनरी, जेंडरफ्लुइड, एजेंडर अशी नावं समोर मांडली. प्रत्येक नाव थोडा वेळ बरं वाटलं, मग काखेत काचू लागलं. “मग तुला म्हणू तरी काय?” तिने वैतागून विचारलं. “जेवायला ये म्हण,” एवढंच सुचलं. कपाशीच्या फुलात पुंकेसर-स्त्रीकेसर एकत्रच नांदतात. खरेदी केंद्रावर त्याची चौकशी होत नाही, ओलावा तेवढा मोजतात.

पण नावांची टिंगल करायला जीभ रेटत नाही. बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांना शस्त्रक्रियेसाठी रजा आणि पुरुष म्हणून नोकरीत राहण्याची मुभा मिळवायला केवढं झगडावं लागलं. शस्त्रक्रिया झाली 2018मध्ये. पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय यावा म्हणून 2022मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. रकानाच नसेल तर अर्ज भरता येत नाही, मैदानात धावून दाखवणं लांबच. नाव नको असण्याची चैन मला परवडते, कारण माझ्या पोटापाण्याचं आधीच भागलेलं आहे.

आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014ला सांगितलं. 2019च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांकडून लिहून घ्यायची सोय केली. ठरलेल्यांसाठी ठीक आहे. पण ज्यांची अजून चाचपणीच चालू आहे, त्यांनी कलेक्टर ऑफिसात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं? ‘विचाराधीन’ हा शेरा तिथल्या निम्म्या फायलींवर वर्षानुवर्षं सुखाने नांदतो. माणसाच्या नावापुढे तो लिहायला काय हरकत आहे?